शाळेच्या सावलीतली बेबंदशाही

मार्च लागला की मला मेंढरांचा वास येतो.

आता घरी मेंढरू नाही. हिंगोलीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे, गॅलरीत चार कुंड्या आहेत, आणि लोकर म्हणाल तर ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं एक काळं घोंगडं. तरीही शाळेत परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या नेमणुका लागल्या, आवारातला लिंब मोहरला, पोरं त्याच्याखाली बसून डोळे मिटून पाठांतर करायला लागली, की त्या कडवट मोहराच्या आडून एक उबट, आंबूस, धुळकट वास नाकात शिरतो. सोबतच्या बाई म्हणतात, या दिवसांत त्यांना अजून नापास झाल्याची स्वप्नं पडतात. माझी मात्र छाती फुगते. परीक्षेच्या हंगामात छाती फुगणारी मी आमच्या स्टाफरूममधली एकटीच असेन.

मी मराठी शिकवते. या आठवड्यात समानार्थी शब्दांची उजळणी चालू आहे. काल फळ्यावर ‘अराजक’ लिहिलं आणि वर्गातून शब्द सुटले: बेबंदशाही, अंदाधुंदी, मनमानी, झोटिंगशाही, मोगलाई. मागच्या बाकावरच्या एकीनं ‘सावळागोंधळ’ही टाकून दिला, तोही मी घेतला. कायदा न जुमानण्याला आपल्या भाषेत इतके शब्द आहेत की वाटावं, आपल्या वाडवडलांना दुसरा उद्योगच नव्हता. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, “बाई, एवढे काहून लागतात? एकात भागलं असतं की.” वर्ग हसला, मीही हसले. पण ‘बेबंदशाही’ लिहिताना खडू क्षणभर थांबतो, तो दरवर्षी थांबतो. हा शब्द मी एकदा खिडकीतून ओरडलेला ऐकला आहे.

आबांजवळ यातला एकही शब्द नव्हता. आबा म्हणजे माझे वडील. मेंढरं राखायची, आणि सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटी जिथं पोचेल न पोचेल अशा टोकाला थोडं रान होतं ते करायचं, हा त्यांचा संसार. पण मर्यादा सोडणाऱ्या जनावराला त्यांच्याकडेही शब्दांची कमी नव्हती. कळप सोडून दुसऱ्याच्या पिकाकडे ओढ घेणारी ती ओढाळ. चालता चालता बांधावरचा एक घास पटकन तोडून साळसूद चेहऱ्यानं पुढं जाणारी ती चोरटी. कुठंही तोंड वर करून भटकणारी ती उंडगी. आणि प्रत्येक शब्दाला त्याचा उपाय जोडलेला. ओढाळीच्या गळ्यात लोढणं, म्हणजे पायांत अडकेल असा लाकडाचा ओंडका. चोरटीच्या तोंडाला मुसकं, म्हणजे दोरीची जाळी. उंडगीला आबांच्या अगदी पायाशी जागा. रागवारागवी नाही, शिव्या नाहीत. “जनावर हाय, त्याला काय कळतं? कळायला पायजे आपल्याला,” एवढंच म्हणायचे.

या माणसाला एकच घमेंड होती. आमच्याकडं गावोगावी कोंडवाडा असायचा. चार भिंती, वर छप्पर नाही, एक बुटकं दार. ज्याचं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं, त्याचं जनावर तिथं कोंडायचं. मग मालकानं येऊन दंड भरायचा, चार शब्द ऐकायचे आणि खाली मान घालून जनावर सोडवून न्यायचं. दंडापेक्षा ते चार शब्द जड. आबा बाळापूरच्या बाजारात कोकरं विकायला गेले, औंढ्याला शिवरात्रीच्या जत्रेत अनोळखी माणसाशेजारी टेकले, कुणाच्या लग्नात पंगतीला बसले, तरी फिरून फिरून त्याच वाक्यावर यायचे. “बापजाद्यापासून मेंढरं राखून राहिलो, पर आमच्या कळपानं कोंडवाड्याचं दार पाह्यलं न्हाई.” माय कपाळाला हात लावायची. मला ते वाक्य पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

मी दहावीला बसले तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणी होता. परीक्षेचं केंद्र शेजारच्या मोठ्या गावी. त्या गावाचं नाव मी सांगत नाही; तिथली पोरं आता चांगली शिकतात, उगाच जुनं उकरून काय करायचं? आणि खरं सांगायचं तर त्या काळात नाव कुठल्याही गावाचं घातलं असतं तरी चाललं असतं.

तो मार्च डोळ्यांपुढं जशाचा तसा आहे. हरभरा निघालेला, करडई निघालेली, रानात नुसता फुफाटा आणि पायाला टोचणारा करडईचा काटा. गव्हाचं खळं चालू. आणि परीक्षेच्या गावात जत्रा भरलेली. उसाचा रस, भेळ, कुल्फीवाला. जीप भरभरून पाव्हणे. पोरगं एक बसलेलं असायचं परीक्षेला, आणि त्याच्यामागं दोन मामा, एक चुलता, एक मेहुणा. शाळेच्या खिडक्या मागच्या बाजूला होत्या आणि ही सगळी मंडळी त्या मागच्या भिंतीशी उभी. एक खाली वाकायचा, दुसरा त्याच्या पाठीवर चढून गजाला लोंबकळायचा. दगडाला गुंडाळलेल्या चिठ्ठ्या आत यायच्या. पुढच्या बाजूला बंदोबस्ताचा हवालदार लिंबाखाली खुर्ची टाकून चहा प्यायचा, आणि आमच्या वर्गावरचे सर खिडक्यांकडे पाठ करून दाराबाहेर बघत उभे राहायचे.

गंमत म्हणजे याला कॉपी कुणी म्हणायचं नाही. त्याचे समानार्थी शब्द निराळे आणि सगळे गोड. ‘मदत’ म्हणायचे. ‘सोय’ म्हणायचे. ‘लेकराला जरा हात देऊन राहिलो’ म्हणायचे. सोयऱ्याच्या पोरासाठी खिडकीला लटकला नाहीस तर माणुसकी नाही तुझ्यात, असं बायका नवऱ्याला सुनवायच्या. पापाला माणूस जितकी लाडाची नावं ठेवतो तितकी पोटच्या पोरालाही ठेवत नाही, हे मला तेव्हाच कळलं. व्याकरणाच्या पुस्तकात हे शब्द नाहीत. असायला पाहिजे होते.

या माणुसकीत माझी चुलत बहीण रुक्मिण बुडाली. ती माझ्याआधी एक वर्ष, आमच्या वस्तीवरून दहावीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी. कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसत पुसत अभ्यास करायची. कुणाची चिठ्ठी तिनं घेतली नाही. तिला चिठ्ठी टाकणारं कुणी नव्हतंही. पण त्या वर्षी केंद्रात इतका गोंधळ झाला की सबंध केंद्राचा निकाल राखून ठेवला. ज्यांनी उतरवलं त्यांचा आणि जिनं डोळे फोडून लिहिलं तिचाही. निकाल येईल, येईल म्हणत पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि तुळशीच्या लग्नानंतर रुक्मिणीचं लग्न झालं. हळदीच्या अंगानं तिनं मला जवळ ओढून विचारलं होतं, “मंगल, माझ्या पेपरचं काय झालं असंल गं?” घरी सगळ्यांना एवढंच कळलं होतं की पोरीला शिकवून उपयोग नाही, आणि मायनं मला सरळ सांगितलं होतं, “तुझं बी तसंच झालं तर मंग मी कुणाकुणाचं तोंड धरू?”

पहिला पेपर मराठीचा. मला मराठीची भीती नव्हती. समानार्थी शब्दाच्या प्रश्नात आलं होतं ‘अराजक’, आणि मी झोकात ‘बेबंदशाही’ लिहून पुढं गेले होते. तेवढ्यात डोक्यावरच्या खिडकीचे गज खडखडले आणि एक माणूस घसा फोडून ओरडला, “लिही, लिही! बे-बं-द-शा-ही! ‘ही’ला दुसरी वेलांटी!” मागून दुसरा ओरडला, “हळू रे, पोलीस हाय तिकडं.” आणि पहिला म्हणाला, “असू दे, त्यो आपलाच हाय.”

आज हा प्रसंग मी स्टाफरूममध्ये सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. कायदा पायदळी तुडवत, पोलिसाच्या साक्षीनं, शुद्धलेखनासह कुणी बेबंदशाहीचा अर्थ सांगितला असेल का कधी? पण त्या दिवशी मी हसले नाही. माझ्या भोवतीच्या बाकांवर एकदम पेनं चालू झाली. सगळ्यांच्या कागदावर तोच शब्द उतरला. मी तो आधी लिहिला होता, पण आता तो माझा राहिला नव्हता. तेवढ्यात शिट्टी झाली, खिडक्या मोकळ्या झाल्या, आणि भरारी पथकाची जीप आवारात शिरली. साहेबानं खाली पडलेल्या चिठ्ठ्या बुटानं एका जागी लोटल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुख्याध्यापकांना सांगितलं, “पुन्हा येईन. खिडकीत माणूस दिसला तर या केंद्राचं मागच्या वर्षीसारखंच होईल.”

सुगीनंतर शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. रात्रभर कळप एका रानात बसला की लेंड्यांचं, मुताचं खत पडतं. त्या मार्चात आबांचा कळप नेमका शाळेच्या मागच्या रानात बसलेला होता आणि आमचं बिऱ्हाडही तिथंच. तीन दगडांची चूल, एक कापडी पाल, दोन कुत्री. संध्याकाळी मी पालात शिरून जी रडायला लागले ते थांबेना.

“काहून रडून राहिली?” आबा एका कोकराच्या पायातला काटा काढत होते.

मी सगळं सांगितलं.

“लिव्हलं तूच ना?”

“व्हय.”

“मंग?”

“आबा, ते खिडकीतले माणसं हायत तवर माझं लिव्हलेलं कुणी माझं मानणार न्हाई. रुक्मिणीचं मानलं का कुणी?”

आबांनी काटा काढला, कोकरू सोडून दिलं. मग विचारलं, “खिडक्या कोणत्या बाजूला हायत?”

“मागल्या. आपल्याकडच्या.”

“बारा वाजता सावली कुठं असती मंग? खिडक्याखालीच असंल.”

मी चिडले. “मी काय सांगून राहिले आन् तुमी काय विचारून राहिले!”

माय तव्यावरून मान न वळवता म्हणाली, “विचारून राहिले तर सांग की.”

व्हय, म्हटलं. सावली खिडक्यांखालीच असती, म्हणून तर ते सगळे तिथं उभे राहतात.

आबांनी भाकरी खाल्ली आणि ते कळपाकडं गेले.

इंग्रजीचा पेपर म्हणजे जत्रेतला मोठा दिवस. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होती, पण ती पाहुण्यासारखी. ओळख होती, बोलणं नव्हतं. त्या दिवशी मदतनीस दुप्पट आले होते. गावातले भुजंगराव स्वतः आले होते, त्यांचा लेक तिसऱ्यांदा बसलेला. पेपर वाटायच्या आत खिडक्यांशी रेटारेटी चालू झाली. ऊन चढलं. आणि लांबून घाटी वाजली, आमच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली. ती मी हजारात ओळखली असती.

उन्हाच्या वेळी मेंढराला एकच गोष्ट कळते, सावली. आणि सावली सापडली की ती एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी खुपसून, अंगाला अंग लावून उभी राहतात. मग ऊन कलेपर्यंत ती हलत नाहीत, हे मेंढरांत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आबांना काही करावंही लागलं नाही. त्यांनी कळप फक्त शाळेच्या मागच्या अंगाला आणला. पत्र्याच्या वळचणीखाली भिंतीला धरून सावलीचा चिंचोळा पट्टा होता, आणि तेवढ्यात सगळा कळप घुसला. माणसांच्या पायांमधून, माणसांच्या खालून. पाठीवर चढलेला खाली आला. वाकलेला आडवा झाला. कुणाच्या धोतरात शिंग, कुणाच्या चपलेवर लेंड्या. गजाला लोंबकळणारे हात एकेक करून सुटले. वर्गात एकाएकी शांतता पसरली आणि त्या शांततेत नुसता मेंढरांचा खोकला. मेंढरं अगदी म्हाताऱ्या माणसासारखी खोकतात. तो वास तेव्हा आत आला, तोच हा.

“ए, कुणाची मेंढरं ही? हाकल!” हा भुजंगरावांचा आवाज. “शाळा हाय का तुझं रान?”

“सावलीला उभी राह्यलीत, मालक,” आबा म्हणाले. “आता मी हाकलली तरी हालत न्हाईत.”

“कायदा म्हाईत हाय का? परीक्षेच्या टायमाला शाळेपाशी कुणी थांबायचं न्हाई!”

“व्हय की. बराबर हाय.” आबांचा आवाज नेहमीसारखाच, ना चढलेला ना उतरलेला. “मंग तुमी काहून उभे हाव?”

बाहेर कुणीतरी फस्सकन हसलं. बहुतेक हवालदारच, कारण पाठोपाठ त्याचा आवाज आला, “मालक, व्हा जरा मागं. जमावबंदी माणसाला हाय. मेंढराचं मला वरून काही सांगितलेलं न्हाई.” वर्गावरचे सर त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीकडे वळले. मी निबंध लिहायला घेतला. इंग्रजी चुकत होती, पण चुका माझ्या होत्या, आणि ज्या उत्तराला कुणी वरून हात लावला नाही अशा उत्तराचं सुख काय असतं ते मी त्या दिवशी पोटभर घेतलं.

पेपर सुटला तेव्हा कळलं की कोपऱ्यातली मुख्याध्यापकांनी लावलेली जास्वंद बुडापासून गेली होती. मुसकं सुटलेल्या आमच्या चोरटीनं आपलं नाव राखलं होतं. भुजंगरावांना तेवढंच हवं होतं. “शाळेची बाग खाल्ली! कोंडवाड्यात घाला सगळी!” मुख्याध्यापक बिचारे “जाऊ द्या, झाड पुन्हा फुटेल” म्हणत मध्ये पडले. भोवती माणसं जमली. आबा एक शब्द खोटा बोलले असते तरी सुटले असते; मेंढरं दुसऱ्याची म्हणायची, नाहीतर झाड आधीच वाळलेलं होतं म्हणायचं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते.

“खाल्लं हाय,” आबा म्हणाले. “झाड शाळेचं, मेंढरं माझी. नेम हाय तर कोंडा.”

मग ऊन कलल्यावर आम्ही निघालो. पुढं आबा, मागं कळप, कळपामागं कुत्री आणि सगळ्यात शेवटी पॅड छातीशी धरून मी. कोंडवाडा गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे सबंध बाजारपेठेतून जायचं. ओट्याओट्यावर माणसं उभी. एकानं मोठ्यानं विचारलं, “काय गा, तुझ्या कळपानं दार पाह्यलं न्हाई म्हणत होतास ना?”

आबा थांबले नाहीत. “आज पाह्यलं, दादा,” म्हणाले.

कोंडवाड्याच्या दारात मेंढरं अडली. कधी आत गेलेलीच नव्हती. त्यांना ते दार ठाऊक नव्हतं. पंचायतीचा शिपाई काठी उगारू लागला, भुजंगरावांची माणसं ‘हुर्र हुर्र’ करू लागली, कळप नुसता गोल गोल फिरत राहिला. मेंढरू हाकलून आत जात नाही. म्होरक्या जाईल तिथं जातं, आणि म्होरक्या आबांच्या मागं जातो. तेव्हा आबांनी सगळ्या गावासमोर पटका नीट केला, त्या बुटक्या दारातून वाकून स्वतः आधी कोंडवाड्यात गेले आणि आतून हाक दिली. मग एकेक मेंढरू त्यांच्या मागं आत गेलं. सगळी आत गेल्यावर शिपायानं कडी लावली. आत माझा बाप उभा होता, मेंढरांच्या मध्ये. वाकून गेलेला माणूस आत पुन्हा ताठ झाला होता. मला त्या दिवशी रडू आलं नाही. मला वाटलं, या गावातल्या प्रत्येक दारात जाऊन सांगावं की तो माझा आबा आहे.

गणिताच्या दिवशी कळप कोंडवाड्यातच होता. दंड भरून घ्यायला पंचायतीची मंडळी सापडत नव्हती. आबा घागरीनं पाणी वाहून मेंढरांना पाजत दाराशी बसले होते. आज खिडक्या उघड्या, आणि भुजंगराव कालचा राग घेऊन आलेले. मी पेपर हातात घेतला आणि आधी खिडकीकडं बघितलं. गजाला पहिले हात लागले आणि पाठोपाठ शेळीचं ओरडणं ऐकू आलं.

माय होती. वस्तीवरच्या सगळ्या बाया होत्या, रुक्मिणीची आईही होती, आणि प्रत्येकीबरोबर तिच्या शेळ्या. आदल्या रात्री कुणी मला चकार शब्द सांगितला नव्हता. मेंढरू सावलीला उभं राहतं, तशी शेळी राहत नाही. शेळी भिंतीला पाय लावून उभी राहते आणि खिडकीतून आत बघते. आणि कागद तिला पाल्याहून गोड. त्या दिवशी जी चिठ्ठी दगडासकट खाली पडली ती वर गेली नाही. भूमितीची प्रमेयं शेळ्यांनी रवंथ केली. भुजंगराव बायांवर ओरडले, तर रुक्मिणीची आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “माझ्या पोरीचा पेपर खाल्ला तवा कुणी ओरडलं न्हाई. आज शेळीनं खाल्ला तर काहून ओरडून राहिले?”

पथकाची जीप आली तेव्हा खिडकीत माणूस नव्हता. आमची पांढरी शेळी होती, पुढचे पाय चौकटीवर आणि तोंडात कागद. साहेबानं बाहेर जाऊन मायला विचारलं, “बाई, ही इथं काय करतेय?”

“चरून राहिली, सायेब.”

“काय?”

“जे पडंल ते.”

साहेब शेळीकडं बघत राहिले, मग आमच्याकडं. आम्ही खाली माना घालून लिहीत होतो. वळून ते जीपमध्ये बसले. पुढच्या पेपरांना खिडक्यांशी फारसं कुणी फिरकलं नाही. कुल्फीवाल्यानंसुद्धा दुसरं गाव धरलं.

त्या जूनमध्ये केंद्राचा निकाल असा आपटला की गाव आमच्या नावानं बोटं मोडत होतं. निम्म्याहून जास्त नापास. पण निकाल लागला. प्रत्येकाचा वेगळा, ज्याचा त्याचा. मी पास झाले, पहिला वर्ग नाही, बक्षीस नाही, नुसती पास. आमच्या वर्षाला त्या भागात अजून ‘शेळ्यांची बॅच’ म्हणतात, चिडवायला. आणि आम्ही ते मिरवतो. परवा बाळापूरच्या बसस्टँडवर तेव्हाचा एक वर्गमित्र भेटला, आता तो दुकान चालवतो. बायकोला माझी ओळख करून देताना म्हणाला, “या आमच्या बॅचच्या. या पास झाल्या, मी नापास झालो. पर माझा मीच नापास झालो.” मला त्याचा जितका अभिमान वाटला तितका कित्येक पहिल्या वर्गांचा वाटलेला नाही. रुक्मिण माहेरपणाला आली की मी तिला हे सगळं पुन्हा पुन्हा सांगते. शेळीपाशी ती खळखळून हसते. मग आपल्या पेपरचं पुन्हा विचारते.

फळ्यासमोर मला नेहमी प्रश्न पडतो, की त्या मार्चात कायदा मोडला कुणी? भुजंगरावांना कुणी काही म्हटलं नाही, दंड आबांना झाला. परीक्षेच्या जागी कळप घुसवला हे खरं, झाड खाल्लं हेही खरं. अराजक, मनमानी, बेबंदशाही, सगळे शब्द मी त्यांना लावून बघते. एकाही शब्दात आबा बसत नाहीत. आणि जे सगळ्यांत बसत होते ते ‘मदत’ या शब्दाच्या सावलीला उभे होते.

आबांनी ते जुनं वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. मला त्याची रुखरुख होती. माझ्यापायी माणसाची एकुलती एक घमेंड गेली. मग माझं लग्न ठरलं. बैठकीत सासऱ्यांनी विचारलं, “पोरगी शिकलेली हाय म्हणता?” आबा पुढं सरसावून बसले आणि म्हणाले, “हिच्या परीक्षेपायी आमचा सगळा कळप कोंडवाड्यात बसलेला हाय.” सासरच्यांना ओ का ठो कळलं नाही. पण तेव्हापासून आबांचं वाक्य बदललं. बाजारात, जत्रेत, पंगतीत आता ते हेच सांगू लागले, त्याच आवाजात, त्याच ताठ्यानं.

पुढं जिल्हा वेगळा झाला, मी नोकरीला लागले, आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि कळप विकला. आणि एका मार्चात माझी पर्यवेक्षणाची नेमणूक नेमकी त्याच केंद्रावर लागली. मी फोनवर सांगितलं. आबा फक्त “बरं” म्हणाले.

आता शाळेला पक्कं कुंपण होतं. परीक्षेच्या आवाराभोवती लांबवर चुन्याची रेघ मारलेली होती, तिच्या आत कुणी यायचं नाही. पेपर वाटून झाले, घंटा झाली, वर्गात पेनांचा आवाज सुरू झाला. मी मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली सावलीचा तोच चिंचोळा पट्टा, रिकामा. आणि रेघेच्या पलीकडं उन्हात, खांद्यावर घोंगडं घेऊन, काठी आडवी टाकून आबा बसले होते. रेघेला त्यांचा अंगठासुद्धा लागलेला नव्हता. एक तरुण पोलीस त्यांच्यापाशी गेला. वारा आमच्याकडं होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“बाबा, उन्हात काहून बसलात? कोण हाय आत?”

“माझी पोरगी हाय.”

“पेपर देऊन राहिली का?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “पेपर घेऊन राहिली.”